रिलेच्या जागी एक तार

महाडच्या कोर्टासमोर बसून मी बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. जमिनीचे, वारसाचे, भावाने बांध कोरल्याचे, नवऱ्याने टाकल्याचे. माझ्याकडे येणारा माणूस दुसऱ्याची तक्रार घेऊनच यायचा. स्वतःविरुद्ध लिहून घ्यायला आलेला एकच मला आठवतो, तो म्हणजे धोंडू तांबे. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. त्या दिवशी त्याने जे सांगितलं आणि पुढे जे मला इतरांकडून कळलं, ते जुळवून सांगतो.

धोंडूची टपरी एस.टी. डेपोच्या अलीकडे होती. चार पत्रे, एक लाकडी बाक, भिंतीला टांगलेल्या वायरींची भेंडोळी आणि ॲसिडचा तो घशाला लागणारा वास. गाडीची बॅटरी, डायनामो, सेल्फ, दिवे, जिथे जिथे वीज आहे ते सगळं काम त्याचं. हे तो मुंबईला भायखळ्याच्या एका गॅरेजात अकरा वर्षं राहून शिकला होता. त्याचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या शेतावर राबले. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा धोंडू चौदा वर्षांचा होता. तांब्यांच्या घरात हातात पाना धरणारा तो पहिला. महाडला परत येऊन टपरी टाकली तेव्हा पहिलं वर्षभर त्याच्याकडे फक्त बाहेरगावचे ट्रकवाले थांबत. गावातल्या गाड्या त्याच्या दारावरून पुढे जात. मग एकेक करून वळू लागल्या, कारण त्याचं निदान चुकत नसे. "धोंडूला जमत नाही असं काही नाही," असं लोक म्हणायला लागले. हे वाक्य त्याला फार आवडायचं. तो स्वतःच मला म्हणाला, "भाऊ, त्या वाक्यानंच घात केला."

एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याच्याकडे एक वेगळीच गाडी आली. मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेला एका परदेशी जोडप्याने आपली राहायची व्हॅन देऊन टाकली होती. ते दोघं आपल्या देशातून रस्त्याने गोव्यापर्यंत आले आणि परत विमानाने गेले. गाडीत झोपायला फळी, भांडी धुवायची बशीएवढी मोरी, कपाटं आणि एक छोटा फ्रीज. संस्थेने फळीचा तपासणीचा पलंग केला, कपाटात औषधं लावली, फ्रीजमध्ये लशी ठेवल्या आणि गाडी फिरता दवाखाना म्हणून महाड-पोलादपूरच्या वाड्यांसाठी पाठवली. डॉक्टर होत्या नीला दिघे, पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. ड्रायव्हर होता मुरारी, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. गाडी थांबली की हा पहिल्यांदा काच पुसणार, मग स्वतःचं तोंड.

तक्रार अशी होती की फ्रीज गार राहत नव्हता. दोन वेळा लशी फेकून द्याव्या लागल्या होत्या. डॉक्टरीणबाई आधी दुसऱ्या एका गॅरेजात गेल्या होत्या. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, आत दोनदा पाहिलं आणि ही बाहेरची गाडी आहे, मुंबईला न्या, असं सांगून बॉनेट लावून टाकलं.

धोंडूने अर्धा दिवस गाडीजवळ काढला. त्याला कळलं की हिला एक नाही, दोन बॅटऱ्या आहेत. एक पुढे, इंजिन सुरू करायला. दुसरी मागे पलंगाखाली, फ्रीज, पंखा आणि दिव्यांसाठी. त्याने काचेची नळी घालून दोन्हींचं ॲसिड तपासलं. पुढची भरलेली, मागची जवळजवळ रिकामी. मग मुरारीला इंजिन चालू करायला लावलं आणि मीटर लावला. पुढच्या बॅटरीवर काटा वर चढला, मागच्या बॅटरीवर जागचा हलला नाही. म्हणजे चार्जिंग पुढेच अडत होतं. पुढून मागे जाणारी जाड वायर तो बोटाने चाचपत गेला. सीटखाली काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पत्र्याची डबी सापडली, तीच रिले. इंजिन चालू असलं की ती दोन्ही बॅटऱ्या जोडते, दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झालं की ती दोघींना तोडते. मग मागे फ्रीजने कितीही खाल्लं तरी पुढच्या बॅटरीला धक्का लागत नाही, गाडी हमखास सुरू होते.

"पुढची इंजिनाची, मागची घराची," तो स्वतःशीच पुटपुटला. "आणि ही मधली दाराची कडी."

डबी उघडली तर आतलं वेटोळं जळून तुटलेलं. तसली रिले महाडात मिळणार नव्हती. त्याने बाजारात विचारलं, दोन जुन्या डब्या लावून पाहिल्या, बसेनात. संध्याकाळ व्हायला आली. डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं शिबिर होतं.

"जमेल का तांबे? नाहीतर मी मुंबईला कळवते."

तिथे त्याने सांगायला हवं होतं की सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत पक्कं काम होणार नाही. त्याच्या तोंडून निघालं, "जमेल बाई. उद्या सकाळी घेऊन जा."

त्याने रिलेच्या दोन टोकांमध्ये जाड तारेचा एक तुकडा आवळला. कडीच काढून टाकली म्हणा ना. दोन्ही बॅटऱ्या कायमच्या एक झाल्या. मागची चार्ज होऊ लागली, फ्रीज गार झाला. डबीचं झाकण त्याने वरून पूर्वीसारखं बसवून दिलं.

मुरारी सकाळी गाडी न्यायला आला तेव्हा त्याला एवढंच सांगायचं होतं, की शिबिरात तासाभराने इंजिन थोडं चालू ठेव, नाहीतर पुढची पण उतरेल. धोंडू ते बोलला नाही. बोलला असता तर मुरारीने डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं, आणि काम अर्धंच झालंय हे उघड झालं असतं. रिले मागवायची आणि आठवड्याभरात गुपचूप बसवून टाकायची, असा त्याचा बेत होता.

थंडीचे दिवस होते. फ्रीजला काम कमी, पंखा बंद, शिबिरं जवळच्या गावांत दोन-तीन तासांची. गाडी बिनतक्रार चालली. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात येणाऱ्या दोघा-चौघांना सांगितलं की मुंबईला न्यावं लागणारं काम आमच्या तांब्यांनी इथेच केलं. दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या कानावरही ते गेलं. धोंडूने एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडून मुंबईच्या बाजारातली रिले मागवली. ती फेब्रुवारीत आली. आली, आणि टपरीतल्या खणात पडून राहिली. बसवायची तर गाडी बोलवायला हवी, आणि बोलवायची तर कशाला हे सांगायला हवं. एक महिना तो रोज तो खण उघडायचा, पकड काढायचा आणि खण लावायचा.

मार्चच्या शेवटी कशेडी घाटाच्या बाजूला करंजकोंड नावाच्या वाडीत शिबिर होतं. हमरस्त्यापासून चार मैल आत, कच्च्या रस्त्याने. ऊन असं की पत्रा हाताला चटका देत होता. फ्रीज थांबायचं नाव घेत नव्हता, गाडीत तपासणी चाललेली म्हणून पंखाही सकाळपासून सुरू. दीडशेच्या वर माणसं तपासून झाली. साडेतीनच्या सुमाराला आवडी नावाच्या एका पोरीला खाटेवर घालून आणलं. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून अडलेली. तिची सासू चंद्राबाई सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मुरारीला म्हणाल्या, "गाडी काढ. महाडला न्यायचं, आत्ता."

मुरारीने किल्ली फिरवली. सेल्फने एकदा टक्क केलं आणि थंड. दुसऱ्यांदा तेवढंही नाही.

गाडी देवळापुढच्या खोलगट मैदानात उभी होती, दोन्हीकडून चढ. वीस-बावीस गड्यांनी धक्का मारला. खडीत चाकं रुतत होती, डिझेलचं इंजिन तेवढ्या वेगाने पेट घेईना. अर्धा तास त्यात गेला. मग बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि आवडीला चार मैल खांद्यावरून रस्त्याला आणलं. डॉक्टरीणबाई डोलीबरोबर चालत होत्या. रस्त्यावर ट्रक मिळाला. महाडला पोचेपर्यंत दिवस मावळला. आवडी वाचली. मूल वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून एक भरलेली बॅटरी नेऊन गाडी सुरू केली आणि मुरारी ती थेट धोंडूच्या टपरीवर घेऊन आला. मागोमाग डॉक्टरीणबाई रिक्षाने आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"काय झालं ते शोधून काढा तांबे. मला संस्थेला कळवायचं आहे."

काय झालं ते धोंडूला गाडी वळतानाच कळलं होतं. तरी त्याने दोन्ही बॅटऱ्यांत नळी घातली. दोन्ही तळाला गेलेल्या. त्याने फडक्याला हात पुसले. मग मुरारीला म्हणाला, "डेपोसमोरून दोन बाटल्या पाणी आण रे, डिस्टिल्ड." मुरारी गेला. डॉक्टरीणबाई बाकावर बसल्या होत्या, पाठ गाडीकडे. धोंडूने सीट उचलली, पान्याने दोन नट सैल केले, तारेचा तुकडा काढला आणि खिशात घातला.

मुरारी परत आल्यावर तो म्हणाला, "बाई, मागचं कायतरी दिवसभर चालू ऱ्हायलं असणार. दिवा म्हना, पंखा म्हना."

खोटं म्हणावं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मुरारीकडे पाहिलं.

"मी दिवे बंद केले होते बाई," मुरारी म्हणाला. "पंखा तुमच्यासाठी चालू होता. दिवे बंद होते."

"गाडी बघायचं काम तुझं होतं मुरारी," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्यांच्या अहवालावर संस्थेने मुरारीला काढून टाकलं.

पुढच्या आठवड्यात नवा ड्रायव्हर गाडी घेऊन आला तेव्हा धोंडूने खणातली रिले बसवली. "नवी घातलीय, बरी असते," असं त्याला सांगितलं. घरी बायकोने, गीताबाईने विचारलं, जेवत का नाही. तो म्हणाला, उन्हाळा आहे.

दोन वर्षं अशीच गेली. धोंडूचं काम वाढलं, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं. कुणाला काही कळलं नाही आणि त्याचं काही बिघडलंही नाही. आणि रोज सकाळी टपरीचं दार उघडताना त्याला वाटायचं की आज कुणीतरी येऊन विचारेल. कुणी येत नसे. मुरारीला कुठल्याच गाडीवर कुणी घेईना. दवाखान्याची गाडी बंद पाडून बाळ घालवलेला ड्रायव्हर, असं त्याचं नाव पडलं होतं. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की ती उपसायच्या कामावर तो जायचा. एरवी ट्रक भरायचा.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये मुरारी टपरीवर आला. काही दुरुस्तीला नव्हतं, गाडीच नव्हती. बाकावर बसला, पाणी प्यायला.

"मिस्त्री, एक इचारायचं होतं. तुम्ही तेवढं जाणता म्हनून." त्याने ग्लास बाकावर ठेवला. "मला पयले पक्कं आठवायचं, मी दिवे बंद केले व्हते. बटन दाबलेलं बोटाला आठवायचं. आता आठवत नाय. आता डोळं मिटलं की मला दिवा पेटलेलाच दिसतो. असं व्हतं का वो, की मानसानं एक केलेलं असतं आन् त्याला दुसरंच आठवतं?"

धोंडू वायरीचं भेंडोळं सोडवत राहिला.

"दर मार्चात मी आवडीच्या दारात जाऊन येतो," मुरारी म्हणाला. "पाया पडतो. ती म्हनते नको येत जाऊ. पन मी नाय गेलो तर कोन जानार? चूक माझी हाय."

धोंडू मला म्हणाला, "भाऊ, त्याची नोकरी गेली ती मी बघितली. ते मी गिळलं. पन माझं पाप तो डोक्यावर घेऊन पाया पडत फिरतोय, त्याची सवताची आठवन पन मी खाल्ली, ते मला गिळंना." तरीही त्या दिवशी त्याने तोंड उघडलं नाही. मुरारी उठून गेला. धोंडूने टपरी दुपारीच बंद केली.

घरी जाऊन त्याने गीताबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी माफ केलं तर त्याची नोकरी येनार हाय का? त्याच्याकडं जावा."

"तो मारंल मला."

"मारू दे. दोन वर्सं तो मार खातोय ना."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने तो पोलादपूरला गेला आणि तिथून चालत मुरारीच्या वाडीवर. मुरारी कुंपणाला काट्या बांधत होता. धोंडूने उभ्यानेच सगळं सांगितलं: तारेचा तुकडा, खणातली रिले, डिस्टिल्ड पाण्याच्या दोन बाटल्या. मुरारी मारायला धावला नाही. हातातली काटी त्याने हळूच खाली ठेवली.

"म्हंजे मी दिवे बंद केले व्हते."

"व्हय."

"आन् तू मला आदी सांगितलं असतंस, तर मी मधनंमधनं इंजन चालू ठेवलं असतं."

"व्हय."

"गाडी सुरू झाली असती."

"झाली असती रे."

इतकी वर्षं तो धोंडूला अहो-जाहो करायचा. त्या दिवशी 'तू'वर आला आणि मग कधी मागे गेला नाही. तो अंगणात खाली बसला आणि रडला. धोंडू म्हणाला की ते रडणं रागाचं होतं की सुटल्याचं, ते त्याला कळलं नाही, आणि विचारायचा आपल्याला हक्क नव्हता. मग मुरारी उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "चल. आवडीला सांग. माझ्यासमोर सांग."

दोघं करंजकोंडला गेले. आवडीच्या कडेवर आता सात-आठ महिन्यांची मुलगी होती. चंद्राबाई ओटीवर बसली होती. धोंडूने पुन्हा सगळं सांगितलं. रिले म्हणजे काय हे त्या दोघींना समजावताना त्याची जीभ अडखळली. शेवटी तो म्हणाला, "गाडीत मी खोट ठेवली व्हती आन् लपवली."

चंद्राबाईने तोंडाला पदर लावला. आवडी मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेत राहिली.

"आदी हा येऊन पाया पडायचा," ती म्हणाली. "आता तुमी आलात. तुमी दोगं मला येऊन सांगता, तुमचं हलकं व्हतं. मी काय करू त्येचं? माजं प्वार तर तसंच ऱ्हायलं ना."

निघताना ती मुरारीला म्हणाली, "भाऊ, तू आता येऊ नको. आन् आलास तर पाया पडायला येऊ नको, जेवायला ये." धोंडूला ती काही म्हणाली नाही.

तिथून परतल्यावर दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. संस्थेला पत्र लिहायचं होतं. मी नेहमीच्या सवयीने सुरुवात केली आणि लिहिलं की सदर वाहनाच्या दुरुस्तीत माझ्याकडून नजरचुकीने त्रुटी राहून गेली. वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नजरचुकीने काढा."

"अरे, अशी पत्रं अशीच लिहितात. उद्या कुणी पोलिसात गेलं तर?"

"नजर चुकली नव्हती भाऊ. नीट बघून केलंय."

मी खोडलं. त्याने दोनदा आणखी अडवलं. "गैरसमज झाला" लिहिलं तिथे "मी होऊ दिला" लिहायला लावलं. मुरारीचं नाव पूर्ण, बापाच्या नावासकट लिहायला लावलं आणि त्याच्याखाली, याने दिवे बंद केले होते, हे एक वाक्य वेगळ्या ओळीत. मग सही केली. एवढी साफ सही मी फार कमी अर्जांवर पाहिली आहे. मी लिहिणावळ घेतली नाही, आणि ते त्याला बरं वाटलं नाही.

पत्राची एक प्रत घेऊन तो डॉक्टर नीला दिघ्यांकडे गेला. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. धोंडूने त्यांना विचारलं, गाडी सुरू झाली असती तर बाळ वाचलं असतं का. मला वाटतं, त्याला 'नाही' ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित नसतं वाचलं. कदाचित वाचलं असतं." मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "मी पण मुरारीला दुसऱ्यांदा विचारलं नाही." त्यांनी त्याच दिवशी मुरारीसाठी आपल्या हाताने दाखला लिहिला. संस्थेने महिन्याने मुरारीला निर्दोष ठरवल्याचं पत्र पाठवलं आणि त्यांच्या गाड्यांचं काम धोंडूला देणं बंद केलं. मुरारीला परत घ्यायला मात्र त्यांच्याकडे जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या दाखल्यावर मुरारीला पोलादपूरला एका रुग्णवाहिकेवर काम मिळालं, ते पुढच्या वर्षी.

गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. काही गाड्या पुन्हा धोंडूच्या दारावरून पुढे जाऊ लागल्या, काही टिकल्या. त्याची एक रीत मात्र तेव्हापासून बदलली. तात्पुरतं काम केलं की तो गाडीच्या स्टिअरिंगला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा आणि त्यावर खडूने लिहायचा: काम अपुरं आहे. गिऱ्हाईकं चिडायची. एका वकिलाने तो पुठ्ठा तोडून फेकला, तर धोंडूने दुसरा बांधला आणि मगच किल्ली हातात दिली.

मुरारीची रुग्णवाहिका मी महाडात बऱ्याचदा पाहिली. पेशंट उतरवायचा, काच पुसायचा, जायचा. तिच्या बॅटरीचं काम निघालं की तो महाडला येत नसे. कशेडी घाट उतरून खेडला जायचा, दुप्पट लांब. हे मला एका क्लीनरकडून कळलं आणि मी न राहवून एकदा धोंडूला बोललो. तो एका ट्रकच्या बॅटरीत पाणी भरत होता.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "बरोबर करतो तो."

आणि त्याने पुढच्या खान्याचं बूच काढलं.